पस्तिशीत मेडिकलची तयारी: नोकरी सोडून की सांभाळून?

रानजाई
नमस्कार मंडळी. हा धागा काढू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज काढतेच.

वय ३४. भारतातून कॉम्प्युटरमध्ये बी.ई., इथे अमेरिकेत येऊन एम.एस., आणि तेव्हापासून एका विमा कंपनीत डेटाचं काम. काम वाईट नाही, माणसं चांगली आहेत. पण मेडिकलला जायचं हा किडा डोक्यातून जात नाही. ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे अर्जाला ती आडकाठी नाही. नवऱ्याचा पाठिंबा आहे. मुलगी पहिलीत आहे.

अडचण अशी की दहावीनंतर बायोलॉजीचं पुस्तक उघडलेलं नाही. अकरावी-बारावीला बायोऐवजी इलेक्ट्रॉनिक्स घेतलं होतं.

प्रश्न दोनच.
१. नोकरी सोडून पूर्णवेळ प्रीमेडचे (मेडिकलच्या प्रवेशाआधी लागणारे) विषय करावेत, की नोकरी सांभाळून?
२. आधी काय: विषय, एमकॅट (इथली मेडिकलची प्रवेशपरीक्षा), की हॉस्पिटलमधलं काम?

'मनात आणलं तर काय अशक्य आहे' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत. ते घरी मिळतात.

टवाळ
खुर्ची टाकून बसलो आहे. एप्रन घालून.

कवडसा
सगळं लिहिलंत, फक्त मेडिकलला का जायचंय तेवढं लिहिलं नाहीत.

निशाचर
मी याच वाटेने आलोय. आधी मेकॅनिकल इंजिनिअर होतो, आता इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीत, म्हणजे मेडिकल कॉलेजनंतरच्या प्रशिक्षणात आहे. नाइट ड्युटी चालू आहे, मधेच गायब झालो तर समजून घ्या.

आधी वाईट बातमी. तुमच्या बी.ई.चे मार्क इथे जवळपास धरलेच जात नाहीत. एमकॅसमधून, म्हणजे ज्या सामायिक अर्जातून बहुतेक एम.डी. कॉलेजांना अर्ज जातो त्यातून, परदेशातल्या विषयांचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, काढत नाहीत. एम.एस.चा जीपीए दिसतो, पण वेगळ्या रकान्यात. कॉलेजं आधी बघतात तो अंडरग्रॅड जीपीए, आणि तो तुमच्याकडे नाहीच. म्हणजे पाटी कोरी. याची चांगली बाजूही आहे, जुना काळा डाग पुसत बसायचं काम नाही. पदवीनंतर घेतलेले अंडरग्रॅड पातळीचे विषय, ज्याला इथे पोस्ट-बॅक म्हणतात, तेच तुमचा जीपीए ठरवणार. एखादा विषय पुन्हा केला तरी दोन्ही ग्रेड धरतात, त्यामुळे 'बघू तर कसं जमतंय' म्हणून कुठलाही विषय घेऊ नका. अनेक कॉलेजांची अमेरिकेत किंवा कॅनडात किती क्रेडिट केले याची किमान अटही असते. पहिली फी भरण्याआधी ती प्रत्येक कॉलेजच्या पानावर जाऊन बघा.

आता नोकरीचं. सगळ्यांना वाटतं की नोकरी सोडली की वर्ष वाचेल. वाचत नाही. केमिस्ट्रीची साखळी आहे: जनरल केमिस्ट्री १, मग २, मग ऑरगॅनिक १, मग २, आणि बायोकेमिस्ट्री शेवटी किंवा ऑरगॅनिक २ च्या जोडीला. यातली कुठलीही कडी उडी मारून ओलांडता येत नाही. उन्हाळ्यात कोंबून केलं नाही तर दोन वर्षं धराच. बायोलॉजी आणि फिजिक्स त्याच दोन वर्षांत बाजूबाजूने बसतात. त्यानंतर एमकॅट, मे-जूनमध्ये अर्ज, पुढे इंटरव्ह्यू, आणि प्रवेश त्याच्या पुढच्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये. थोडक्यात, आज सुरुवात केलीत तर कॉलेजात पाय ठेवताना ३७. चार वर्षांनी ४१. इंटर्नल किंवा फॅमिली मेडिसिन घेतलंत तर आणखी तीन, जनरल सर्जरी पाच, न्यूरोसर्जरी सात.

म्हणून नोकरीचा प्रश्न वर्षांचा नाही, लॅबचा आहे. लेक्चर संध्याकाळी मिळतं, ऑरगॅनिकची लॅब बऱ्याच ठिकाणी भर दुपारी असते. मी मॅनेजरला सांगून आठवड्यातली एक दुपार मोकळी घेतली आणि ते तास शनिवारी भरून दिले. हे जमलं म्हणून

निशाचर
(पेजर वाजला होता.) ...म्हणून नोकरी शेवटच्या सेमिस्टरपर्यंत टिकली. एमकॅटच्या आधी मात्र सोडली. तेव्हाही टिकवली असती तर ऑफिसात आणि परीक्षेत, दोन्हीकडे नापास झालो असतो.

आगाऊ
काय तपशीलवार प्रतिसाद! वाचनखूण साठवली. मला डॉक्टर व्हायचं नाही, पण साठवली.

खडूस काकू
मी नर्स आहे, वॉर्डात केस पांढरे झाले. निशाचर यांचं सगळं पटलं, पण क्रम उलटा आहे. आधी दोन वर्षं केमिस्ट्री करायची आणि मग हॉस्पिटलात शिरल्यावर कळायचं की हा वास सहन होत नाही, असं का करावं?

आमच्याकडे दर वर्षी प्रीमेडची मुलं येतात. सीएनए, म्हणजे नर्सच्या हाताखालची मदतनीस, म्हणून काम करणारी वेगळी आणि 'शॅडोइंग' म्हणून, डॉक्टरांचं काम नुसतं बघत, भिंतीला टेकून उभी राहणारी वेगळी. सीएनएला दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलावी लागते. खालची ड्रॉशीट दोघींनी दोन बाजूंनी धरायची, तीन म्हणून एकदम वळवायचं, पाठीमागे उशी सरकवायची, टाचा गादीपासून सुटल्यात ना ते बघायचं, आणि कंबरेखालच्या हाडावर कातडी लाल झालीय का ते बोटाने दाबून बघायचं. दाबल्यावर पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून वेळ गेलेली नाही. लाल ती लालच राहिली तर बेडसोरची सुरुवात. एवढं करताना पेशंट शिव्या देत असतो, त्या आपल्याला नसतात हेही शिकावं लागतं. हे केल्यावर ज्याला दुसऱ्या दिवशी परत यावंसं वाटतं, त्याने खुशाल केमिस्ट्री घ्यावी.

बाई, आधी एक सेमिस्टर हे करा. हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटना सांभाळतात तिथे, स्वयंसेवक म्हणून गेलात तरी चालेल.

प्रमेय
काकूंबद्दल आदर ठेवून असहमत. मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो, संध्याकाळच्या वर्गात निम्म्याहून जास्त नोकरदार असतात. हॉस्पिटलात रमलेली, पेशंटची लाडकी माणसं ऑरगॅनिकच्या पहिल्या पेपरला थबकलेली मी सतत बघतो. सेवाभाव भरपूर आहे, पण इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातो ते दाखवणारा बाण उलटा काढतात.

त्यांना डोकं कमी असतं असं नाही. अभ्यासाची पद्धत जुनी असते. धडा वाचायचा, पिवळ्या पेनाने रंगवायचा, 'समजलं' म्हणायचं. ऑरगॅनिक वाचून समजतं आणि कागदावर येत नाही. पुस्तक बंद करून कोरा कागद घ्या, रिअ‍ॅक्शन पहिल्यापासून काढा. अडलात तिथे थांबून विचारा की रिअ‍ॅक्शनच्या दोन प्रकारांपैकी इथे एसएन१ का आणि एसएन२ का नाही. कार्बनभोवती गर्दी किती, निघून जाणारा गट कसा, सॉल्व्हंट कोणता. हे तीन प्रश्न स्वतःला विचारायची सवय लागली की पाठांतर निम्मं होतं.

रानजाई, तुम्ही कोड लिहिता ना? मग चूक कुठल्या ओळीत आहे ते शोधायची सवय आहे तुम्हाला, तीच इथे लागते.

टवाळ
@प्रमेय, म्हणजे बग सापडला नाही तर रिअ‍ॅक्शन बंद करून पुन्हा चालू करायची?

प्रमेय
@टवाळ, माझे काही विद्यार्थी तेच करतात. लॅबमध्ये धूर येतो.

रानजाई
सगळ्यांचे आभार. कवडसा, 'का' ते आता लिहिते.

माझ्यासमोर दिवसभर क्लेमच्या ओळी असतात. नाव-गाव काही नसतं, नुसते कोड. एखाद्या ओळीत ई११.९ असतो, म्हणजे टाइप २ डायबेटिस, गुंतागुंत नाही. तोच माणूस काही वर्षांनी ई११.६२१ घेऊन येतो, म्हणजे पायाला अल्सर. मग कधीतरी झेड८९ ने सुरू होणारा कोड दिसतो, म्हणजे अवयव कापलेला आहे. मधल्या काळात डॉक्टरकडे फेऱ्या झालेल्या असतात, त्यांचे पैसे आम्हीच दिलेले असतात. मग त्या फेऱ्यांमध्ये नेमकं काय होत होतं? कुणी मोजा काढून पाय बघितला का? हे ओळीवरून कळत नाही, आणि मला ते ओळीच्या पलीकडे जाऊन करायचंय.

खडूस काकू
छान लिहिलंत, पण हे डॉक्टर व्हायचं कारण नाही. हे पब्लिक हेल्थचं कारण आहे. पायांची तपासणी का होत नाही हा यंत्रणेचा प्रश्न, आणि तो डेटा कळणाऱ्या माणसाने सोडवायचा. दोन वर्षांची एमपीएच (पब्लिक हेल्थची मास्टर्स) करा, आहे त्या कौशल्यावर बांधा. पेशंटच्या अंगाला हातच लावायचा असेल तर नर्सिंग आहे, पीए (फिजिशियन असिस्टंट, डॉक्टरसोबत पेशंट तपासणारा) आहे. पीएचा कोर्स साधारण सव्वादोन वर्षांचा, त्यानंतर रेसिडेन्सीची सक्ती नाही.

इंटरव्ह्यूत हाच प्रश्न येणार बघा. डॉक्टरच का, पीए का नाही?

कवडसा
काकूंना अनुमोदन. आणि 'मला लोकांना मदत करायची आहे' हे उत्तर चालत नाही, मदत फायर ब्रिगेडवालेही करतात.

शंकासुर
आता कुणीतरी कटू बोलायलाच हवं. मेडिकलची सीट म्हणजे खासगी छंद नव्हे. रेसिडेन्सीचा बराच खर्च मेडिकेअरमधून होतो, म्हणजे करदात्यांच्या खिशातून. २३ वर्षांचा मुलगा त्या सीटवरून चाळीस वर्षं सेवा देईल, ४४ व्या वर्षी सुरू करणारी व्यक्ती वीस. मग सीट कुणाला द्यावी? व्यक्तीशी वैर नाही, हिशेब मांडतोय.

निशाचर
@शंकासुर, हिशेबात एक गृहीतक आहे, की तो २३ वर्षांचा मुलगा चाळीस वर्षं टिकेल. माझ्या बॅचमधले जे सोडून गेले त्यात आईबापांनी ढकललेले सगळे तरुणच होते. ही माझ्या डोळ्यांसमोरची गोष्ट, आकडेवारी म्हणून धरू नका. आकडाच हवा असेल तर एएएमसीचा, म्हणजे इथल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेचा, २०२४ चा अंदाज बघा: २०३६ पर्यंत देशात ८६ हजारांपर्यंत डॉक्टर कमी पडतील. फॅमिली मेडिसिनमध्ये वीस वर्षं देणाऱ्या माणसाला नको म्हणायची परिस्थिती नाही.

माऊची आई
सिसिली साँडर्स यांचं उदाहरण इथे चपखल आहे. आधी नर्स, पाठीच्या दुखण्याने ते सोडावं लागलं, मग हॉस्पिटलात समाजसेविका. मरणाऱ्या पेशंटच्या वेदनांवर काम करायचं होतं, पण डॉक्टर नसल्याने कुणी ऐकणार नाही असं त्यांना एका सर्जननेच सांगितलं. तिशी उलटल्यावर मेडिकलला गेल्या, १९५७ मध्ये ३८ व्या वर्षाच्या आसपास डॉक्टर झाल्या, आणि १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभं केलं. आज जगभर हॉस्पिस म्हणतात त्याची घडी तिथे बसली.

आणि खडूस काकू, त्या नर्सही होत्या आणि समाजसेविकाही. तरी डॉक्टर व्हावंच लागलं. 'पीए का नाही'चं एक उत्तर यात आहे.

शंकासुर
आणि आफ्रिकेत हॉस्पिटल काढणारे अल्बर्ट श्वाइट्झर तिसाव्या वर्षी मेडिकलला गेले. माहीत आहेत ही नावं. पण ते १९०५ होतं, तेव्हा एमकॅट नव्हती.

खडूस काकू
@माऊची आई, मान्य. पण साँडर्सबाई आधी वर्षानुवर्षं पेशंटच्या उशाशी बसल्या होत्या, क्लेमच्या ओळींपाशी नाही. माझा मुद्दा तोच आहे.

आगाऊ
थोडं अवांतर. माझा चुलतभाऊ भारतात आहे, वय ३१, बारावीला गणित होतं, बायो नव्हतं. त्याला नीट देता येईल का? की वय गेलं?

माऊची आई
येईल. नीटची वरची वयोमर्यादा एनएमसीने (नॅशनल मेडिकल कमिशनने) २०२२ मध्ये काढून टाकली. बायोचा प्रश्न २०२३ च्या नोटिशीने सुटला: बारावी झाल्यावर मान्यताप्राप्त बोर्डाकडून बायोलॉजी हा जादा विषय म्हणून पास केला तरी चालतो. नीट देण्याच्या वेळा मोजल्या जात नाहीत.

पण त्याला सांगा, दार उघडं आहे म्हणजे वाट सोपी आहे असं नाही. २०२५ ला २२ लाखांहून जास्त जणांनी नाव नोंदवलं, एमबीबीएसच्या सीटा लाखाच्या थोड्या वर. पेपर १८० मिनिटांत १८० प्रश्न, त्यातले निम्मे बायोचे, चुकीला एक मार्क वजा. इंजिनिअर लोक फिजिक्सच्या जोरावर येतात आणि वनस्पतींच्या वर्गीकरणात अडकतात. एनसीईआरटीची पुस्तकं ओळ न ओळ, आकृतीखालच्या मजकुरासकट. आणि एमबीबीएस साडेचार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप, पीजी त्यापुढे. ही सगळी बेरीज घरच्यांसमोर करून मगच ठरवायला सांगा.

टवाळ
म्हणजे बापलेक एकाच सेंटरवर, आणि आई बाहेर दोघांचे डबे घेऊन उभी. पिक्चर निघेल यावर.

शंकासुर
निघेल, आणि त्यात बाप पास होईल. इथेच घोळ आहे.

सरपंच
नीटवर आणखी बोलायचं असेल तर नवा धागा काढा. इथे धागाकर्तीच्या प्रश्नावर राहू.

निशाचर
एमकॅटबद्दल थोडं, म्हणजे माझा भाग संपला.

सेंटरवर जवळजवळ पूर्ण दिवस जातो. चार भाग, २३० प्रश्न, मार्क ४७२ ते ५२८ मध्ये. एका वर्षात तीनदा, सलग दोन वर्षांत मिळून चारदा आणि जन्मात सातदा देता येते. 'सरावासाठी एकदा देऊन बघतो' असं करू नका. मार्क आवडणार नाहीत असं वाटून शेवटी पेपर रद्द केलात तरी तो प्रयत्न मोजला जातो. फार लवकरही देऊ नका, बरीच कॉलेजं दोन-तीन वर्षांपेक्षा जुने मार्क घेत नाहीत. वीसच्या वीस अमिनो अ‍ॅसिडं रचनेसकट, एका अक्षराच्या खुणेसकट पाठ लागतात. त्यासाठी अँकी हे प्रश्नोत्तरांच्या कार्डांचं अ‍ॅप वापरा, पण दुसऱ्याने केलेले गठ्ठे उतरवून नव्हे, स्वतः कार्डं करून. लायसिनची खूण के, ट्रिप्टोफॅनची डब्ल्यू. कशीही लक्षात ठेवा, मी दिलेल्या नावांना मुलं हसायची.

आपल्या लोकांना गोत्यात आणतो तो कार्स, उताऱ्यांचा भाग. कला, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र असले उतारे, आणि बाहेरचं ज्ञान शून्य कामाचं. शेवटच्या महिन्यात तो सुधारत नाही. आजपासून रोज एक अवघड लेख वाचा आणि लेखकाला नेमकं काय पटत नाहीये ते एका वाक्यात लिहा.

प्रमेय
आणि शिफारसपत्रं! विज्ञानाच्या दोन प्राध्यापकांची पत्रं बरीच कॉलेजं मागतात. संध्याकाळच्या वर्गातला नोकरदार लेक्चर संपलं की गाडीकडे पळतो, वर्षाने येतो आणि म्हणतो "सर, पत्र द्याल का?" मी काय लिहू, चांगली गाडी चालवतो? ऑफिस अवर्सना येऊन बसा. प्रश्न नसला तरी सोडवलेलं दाखवायला या.

कवडसा
पैशाचं कुणी बोललं नाही. पदवीनंतरच्या शिक्षणासाठी सरकार देत असलेलं फेडरल ग्रॅड प्लस कर्ज नव्या कर्जदारांना १ जुलै २०२६ पासून बंद. मेडिकलसारख्या अभ्यासक्रमांना आता फेडरल कर्ज वर्षाला ५० हजार डॉलर आणि एकूण दोन लाख, त्यावर नाही. उरलेलं खासगी कर्ज किंवा घरचं. म्हणजे नोकरीची ही दोन-तीन वर्षं नुसतं ओझं म्हणून बघू नका, फीचा काही भाग यातूनच उभा राहणार. नोकरी सांभाळूनच, असं माझं मत त्यामुळे.

रानजाई
बऱ्याच दिवसांनी येतेय. मधे दोन गोष्टी केल्या.

काकूंचं ऐकून हॉस्पिसमध्ये नाव नोंदवलं, प्रशिक्षण झालं, आता शनिवारी जाते. आणि ओळखीतून एका क्लिनिकमध्ये डायबेटिक पायांची तपासणी बघायला मिळाली. नायलॉनचा एक केस असतो, मोनोफिलामेंट, तो तळपायावर वाकेपर्यंत टेकवायचा. पेशंटने डोळे मिटून, लागलं की "हो" म्हणायचं. एक आजोबा ठरावीक अंतराने "हो, हो" म्हणत होते, केस टेकवला नव्हता तेव्हासुद्धा. डॉक्टरांनी हात थांबवला. आजोबांचं चालूच. मग त्या काही न बोलता खुर्ची पुढे ओढून बसल्या, पाय मांडीवर घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, या वेळी उलटसुलट अंतराने. बोटांच्या मुळाशी काहीच कळत नव्हतं त्यांना.

घरी येऊन काकूंच्या प्रश्नाचा विचार केला. ही तपासणी पीएही करेल, नर्सही करेल. पण पुढे औषध बदलायचं, व्हॅस्क्युलरकडे (रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे) पाठवायचं, कापायचं की थांबायचं, याची शेवटची जबाबदारी ज्याच्यावर असते ते काम मला हवंय. उत्तर कच्चं आहे, कळतंय.

तर ठरलं ते असं: नोकरी चालू. जनरल केमिस्ट्री १ आणि बायो १ याच सत्रात, लॅब बुधवारी दुपारी, मॅनेजरने होकार दिलाय. दोन्हीत ए आला तर पुढे. नाही आला तर एमपीएचचा पर्याय आहेच.

खडूस काकू
उत्तर कच्चं आहे, पण आता ते पेशंटपासून सुरू होतंय. अर्जातल्या निबंधाला ५,३०० अक्षरं मिळतात, स्पेस धरून. आजोबा त्यात बसतील, पण त्यांना रडवू नका. वाचणारे कंटाळलेत त्याला.

शंकासुर
ए आला नाही तर सोडणार हे लिहून ठेवलंत, ते आवडलं. माझा सीटचा मुद्दा कायम आहे, पण शुभेच्छा.

रानजाई
@शंकासुर, चालेल. दोन्ही घेते.
@प्रमेय सर, वर्ग सुरू व्हायला तीन आठवडे आहेत. तोवर काय उजळणी करू?

प्रमेय
मोल आणि एककं, म्हणजे ग्रॅमचे मोल, मोलचे लिटर, उलटसुलट. मग लॉगॅरिदम, तेही कॅलक्युलेटर न घेता. एमकॅटला कॅलक्युलेटर देत नाहीत आणि पीएचच्या गणितात सगळे तिथेच अडकतात. हायड्रोजन आयनचं प्रमाण ३ गुणिले १० चा उणे पाचवा घात असेल तर पीएच किती, हे पाच सेकंदांत अंदाजाने सांगता यायला हवं. ४ आणि ५ च्या मधे, ४.५ च्या आसपास. असे रोज दहा सोडवा.

टवाळ
मी ५ म्हणालो. एप्रन काढून ठेवतो.